ओझं उतरलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या पोटात आता काहीही नाही. तिथली डिस्क काढून एका पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. हे ऐकून तुम्हाला माझी कीव आली असेल, तर जरा थांबा. माझं म्हणणं पूर्ण ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझे पहिले मालक शिवाजी पार्कला राहणारे एक निवृत्त इंजिनिअर. ते माझ्यावर बुद्धिबळ खेळत, हरले की माझं झाकण आपटत आणि वर्तमानपत्रांना लांबलचक पत्रं लिहीत. त्यांच्या मुलाने त्यांना नवा लॅपटॉप आणून दिला आणि माझी रवानगी दादरच्या एका दुकानात झाली. सहा महिने मी तिथे काचेच्या कपाटात पडून होतो.

तिथून मला गौतमरावांनी उचललं. ते बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांची मुलगी संघमित्रा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर मला जागा मिळाली. पहिल्याच दिवशी गौतमरावांनी मला मऊ फडक्याने पुसलं आणि लेकीला बजावलं, "हे तुझं हत्यार. कुणाला द्यायचं नाही आणि कुणाचं घ्यायचं नाही." त्यांचे स्वतःचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर त्या पत्र्याच्या पेटीत असत. डेपोतल्या कुणाची त्या पेटीला हात लावायची टाप नव्हती.

संघमित्रा माझ्यावरच शिकली आणि माझ्यावरच प्रोग्रॅमर झाली. तिच्या मैत्रिणी चकचकीत लॅपटॉप आणत, पण ही माझी बाजू सोडायची नाही. त्या दिवसांत मी इतका फुशारलो होतो की काही विचारू नका.

पुढे तिला नोकरी लागली आणि तिच्या ऑफिसात एक नवीन वारं आलं. क्लाउडचं. म्हणजे काय, तर प्रोग्रॅम लिहायचा तो आपल्या मशीनवर नाहीच. लांब कुठेतरी एक मोठं मशीन असतं, सगळं काम त्याच्यावर चालतं. आपल्यासमोर उरतो फक्त पडदा. ऑफिसातले अर्धे लोक खूश झाले, कारण नवा माणूस आला की दहा मिनिटांत कामाला लागायचा. उरलेले कुरकुरत होते, नेट गेलं की हातावर हात ठेवून बसायचं म्हणून. संघमित्रा कुरकुरणाऱ्यांची म्होरकी होती. ऑफिसात तिचा नाइलाज होता, पण घरी तिने क्लाउडला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

घरी ती एक वेगळाच प्रोग्रॅम लिहीत होती. परळच्या मोठ्या हॉस्पिटलजवळ एक धर्मशाळा आहे. गावाहून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. कोणती खाट रिकामी आहे, कोण किती दिवसांपासून थांबलंय, हे सगळं धर्मशाळा सांभाळणाऱ्या कमलाबाई तोंडपाठ ठेवत. आता त्यांचं वय झालं होतं. एकदा त्यांच्या विसरण्यामुळे एक आजारी माणूस रिकामी खाट असूनही दोन रात्री फुटपाथवर झोपला. ते कळल्यावर संघमित्राने खाटांचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, विनामोबदला. आठ महिने रोज ऑफिसातून आली की ती माझ्यासमोर बसायची. तो अख्खा प्रोग्रॅम एकट्या माझ्या पोटात होता.

तिचा ऑफिसातला मित्र हितेंद्र लालबागला राहायचा. तो डोकं आपटून सांगायचा, "अगं संघू, हा डबा एक दिवस मरणार. क्लाउडवर टाक ना सगळं!"

"म्हणजे माझं काम, आणि चावी दुसऱ्याकडे? पेशंटची नावं कुठल्या कोणाच्या मशीनवर जाणार? नाय जमणार, यार."

"नावं नको टाकू. नुसता प्रोग्रॅम टाक. एकदा वापरून तरी बघ, मग शिव्या घाल."

मला 'डबा' म्हटल्याचा मला फार राग आला होता.

शेवटी ऑक्टोबरमध्ये, फक्त हितेंद्रचं तोंड बंद करायला, तिने अख्खा प्रोग्रॅम क्लाउडवर चढवला आणि समोर वही घेऊन बसली. अक्षर उमटायला उशीर, लिहिलं. नेट गेलं की सगळं ठप्प, लिहिलं. अशा अकरा तक्रारी झाल्यावर तिने ती यादी हितेंद्रला पाठवली आणि पुन्हा म्हणून तिकडे फिरकली नाही. मी तर आतल्या आत टाळ्या पिटल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाळ सोडून समोरच्या नव्या इमारतीत जायचा दिवस आला. गुरुवार होता तो. रविवारी कमलाबाई धर्मशाळेत प्रोग्रॅम सुरू करणार होत्या. त्या सकाळी माझ्यावर प्रोग्रॅमची शेवटची तपासणी चालू होती आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला त्यासाठी दोन तास लागत. मध्येच बंद केली तर पुन्हा पहिल्यापासून. मग प्रोग्रॅमर लोकच करतील असा शहाणपणा संघमित्राने केला. मला चालू ठेवून, उघड्या झाकणानिशी दोन्ही हातांवर धरून ती जिना उतरू लागली.

मागून शेजाऱ्यांचं लोखंडी कपाट उतरवणारी माणसं आली. कुणाचं तरी कोपर लागलं. मी पडलो नाही, तिने मला छातीशी घट्ट धरलं. पण माझ्या पोटातली डिस्क त्या वेळी गरगर फिरत होती. आत काहीतरी घासलं. टक, टक, टक. पडदा काळा झाला.

नव्या घरात गाठोड्यांच्या ढिगात मला ठेवून तिने दहा वेळा चालू करून पाहिलं. हितेंद्र धावत आला.

"दुसरी कॉपी?"

"पेनड्राइव्हवर आहे," ती म्हणाली. "पण ती जयंतीच्या आदल्या दिवशीची."

जयंती एप्रिलमध्ये झाली होती. म्हणजे सात महिने गेले. संघमित्रा गादीच्या वळकटीवर मटकन बसली. "कमलामावशींना आता काय तोंड दाखवू, पप्पा?" ती म्हणाली. गौतमरावांची नजर आपल्या पेटीकडे गेली. त्यांचाच धडा होता तो, आपलं हत्यार आपल्यापाशी.

आणि मित्रांनो, मला उत्तर माहीत होतं! पण मेलेल्या लॅपटॉपला बोलता कुठे येतं?

हितेंद्र खिडकीपाशी उभा राहून डोकं खाजवत होता. तो एकदम वळला. "ए, त्या अकरा तक्रारी लिहिल्यास, तेव्हा क्लाउडवर टाकलं काय होतंस?"

"अख्खा प्रोग्रॅम," ती सावकाश म्हणाली. मग तिने घाईघाईने मोबाइलमधल्या न वाचलेल्या मेल उघडल्या. एक सोडून तीन सूचना आल्या होत्या. तीस दिवस न वापरलेली जागा उद्या पुसून टाकली जाईल, असं शेवटच्या सूचनेत लिहिलं होतं.

तिने हितेंद्रचा लॅपटॉप जवळजवळ हिसकावलाच. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. गौतमराव हात जोडून उभे होते, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. आणि मग एकेक ओळ दिसू लागली. खाटा, मजले, थांबलेल्यांची रांग, सगळं जसंच्या तसं. संघमित्रा हसायला लागली आणि हसता हसता रडली. मीही रडलो असतो. त्या क्षणी मला क्लाउडचा हेवा वाटला नाही. त्याचे पाय धरावेसे वाटले.

शेवटच्या महिन्याचं काम तेवढं गेलं होतं. ते पुन्हा लिहायला तिने रजा घेतली. पण कशावर लिहिणार? गौतमरावांनी पेटी उघडली, माझे स्क्रू काढले आणि तुटकी डिस्क बाहेर काढली. हितेंद्रने एका पेनड्राइव्हवर हलकीशी यंत्रणा भरली, नुसती नेट उघडण्यापुरती, आणि ती मला लावली. मी जागा झालो! माझा पंखा, जो मिक्सरसारखा घरघरायचा, तो चक्क गप्प होता. दोन तासांची तपासणी अकरा मिनिटांत आटोपली.

"मग आता हा करतो काय नक्की?" गौतमरावांनी विचारलं.

"दाखवतो, पप्पा. राबायचं काम तिकडे क्लाउडवर चालतं."

"म्हणजे रिटायर झाला माझ्यासारखा," ते म्हणाले आणि त्यांनी मला परत मऊ फडक्याने पुसलं.

रविवारी आम्ही परळला गेलो. पेशंटची नावं धर्मशाळेच्याच कॉम्प्युटरवर राहतील आणि त्यांची रोज एक कॉपी निघेल, हे संघमित्राने आधी पक्कं केलं. क्लाउडवरचा तिचा संशय अजून पुरता गेलेला नाही. प्रोग्रॅमची एक प्रत आता दर शुक्रवारी घरातल्या पेटीतही जाते. पहिली नोंद साताऱ्याच्या एका आजींची झाली, खाट क्रमांक चौदा. कमलाबाई खूश झाल्या, पण प्रोग्रॅम माझ्यावर लिहिलाय हे ऐकून त्यांनी माझ्याकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या.

"गो बाय, ह्यो म्हातारो बंद पडलो तर?"

पूर्वीची संघमित्रा माझ्यासाठी भांडली असती. या वेळी तिने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "पडू दे, मावशी. तुमचं काही जाणार नाही."

आठ महिने एका आजारी माणसाची खाट मी एकटा पोटात घेऊन फिरत होतो, आणि ते मला किती जड होतं, हे मला त्या वाक्याने कळलं. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जरूर जपा. पुसा, हळू उचला, चालू असताना जिन्यावरून नेऊ नका. पण तुमची लाखमोलाची गोष्ट आमच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. मग आम्हालाही निवांतपणे म्हातारं होता येईल.