वादीकडची मुलगी

मी खालिद, भोरच्या मानसिंगराव वकिलांचा कारकून. दावा हरला की शिव्या मला आणि जिंकला की पेढे साहेबांना, हा आमच्या ऑफिसचा कायदा.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात साहेबांकडे सुगंधा मुकणे आली. कातकरी समाजातली, पुण्यात वकिली शिकणारी. आदिवासी मुलांनी वकिलाच्या हाताखाली काम शिकावं म्हणून तिथली एक संस्था त्यांना पगार देत होती. साहेबांना फुकटात हुशार माणूस मिळालं, ते कशाला नको म्हणतील?

नेमका तिच्याच वाडीवरचा दावा आमच्याकडे होता. उत्रोलीपलीकडच्या एका जमीनमालकाला कातकऱ्यांची घरं उठवायची होती. साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे आहेस तोवर तू वादीकडची. जमत नसेल तर आत्ताच जा." ती राहिली. काम सोडलं की पगार बंद आणि पगार बंद झाला की कॉलेज बंद. तरी मला तिचा रागच आला होता.

समन्स पोचवायला मालकाचा गडी गेनबा गेला होता. त्यानं शपथेवर सांगितलं, की वाडीवर कुणी भेटलं नाही म्हणून समन्स प्रत्येक घराच्या दारावर चिकटवलं. हे कोर्टात दिलं की निकाल एकतर्फी. सुगंधा ते टाईप करता करता थांबली.

"साहेब, हे खोटं आहे. या दिवसांत वाडीला दारंच नसतात."

"म्हणजे?"

"आमची माणसं वीटभट्टीवर जाताना कुडाची ताटी सोडवून डोक्यावर नेतात. तिथल्या खोपीला तेच दार."

गेनबा वाडीवर फिरकलाच नव्हता. पण साहेबही कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. "बरं झालं, कोर्टात शोभा व्हायच्या आधी कळलं. भट्टी ठाऊक आहे ना? मग तूच समन्स घेऊन जा. खालिद, हिच्याबरोबर जा."

भट्टीवर तिची मावशी अंबूबाई विटा उचलत होती. भाचीला बघून हरखली. सुगंधानं कागद वाचून दाखवला.

"म्हंजी आमाला घराभाईर काढायचा कागद तू आणलास?"

"व्हय मावशी. पर ह्यो घेतलास तरच तुला तारखेला बोलता येतंय. न्हाई तर तुमच्या माघारी घरं जात्यात."

अंबूबाईनं अंगठा दिला, मागोमाग बाकीच्यांनीही. चहा मात्र विचारला नाही. परतीच्या एसटीत सुगंधा रडली आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तारखेला सगळी वाडी कोर्टात हजर. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचे वकील कोण?"

अंबूबाईनं सरळ आमच्याकडे बोट केलं. "ती हाय की. आमची पोर."

हशा पिकला. सुगंधा उभी राहिली. "सर, मी अजून वकील नाही. आणि मी वादीकडे आहे."

न्यायाधीशांनी वाडीला सरकारी खर्चानं वकील द्यायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. अंबूबाईला त्यातलं काही उमगलं नाही. ती तिथंच उभी राहून सुगंधालाच विचारत होती, "झालं का गं? गेली का घरं?"

सुगंधानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी 'तिकडे जायचं नाही' अशी मान हलवली.

तिनं फाईल माझ्या हातात दिली आणि पलीकडे जाऊन मावशीचा हात धरला.

"न्हाई मावशी. अजून न्हाई गेली."