दोन जावांमधली कॅमेलिया

मी एक जुनी कॅमेलिया आहे. कालपरवापर्यंत माणसापेक्षा उंच होते, आता हातभर खुंट उरला आहे, आणि माझा तुम्हा माणसांवर राग आहे. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणते ते केवळ रीत म्हणून.

ज्या पानांचा तुम्ही रोज सकाळी चहा उकळता, ते झुडूप माझ्याच घराण्यातले. माझी चुलत बहीणच म्हणा. तिला तुम्ही ओरबाडता आणि वर तिचे गोडवे गाता. मी नुसती शोभेची. पाने जाड, तुकतुकीत, बारा महिने हिरवी. फुले गुलाबाच्या तोंडात मारतील अशी, पण अंगाला काटे नाहीत. काटे असते तर बरे झाले असते, हे मला फार उशिरा कळले.

वीतभर होते तेव्हा मला एका शिक्षिकाबाईंनी अंगणात लावले. बाईंचा स्वभाव कडक होता. शाळेतून आल्या की चपला काढायच्या आधी माझी माती बोटाने चाचपत, आणि कोरडी असली तरच पाणी घालत. मी पाचव्या वर्षी फुलले. तोवर त्यांनी एकदाही 'कधी फुलणार' म्हणून विचारले नाही. पुढची वीस वर्षे आम्ही एकमेकींच्या वाटेला न जाता सुखाने राहिलो. मग बाईंचे गुडघे गेले, अंगणाचे घर विकायचे ठरले, आणि लेकीने त्यांना आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर न्यायचे ठरवले. तिसऱ्या मजल्यावर माझी सोय होणार नव्हती.

त्याच सुमारास गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई मोठे झुडूप शोधत हिंडत होती. तिला मी थोरली म्हणते. तिच्या घराला लागून तिच्या धाकट्या जावेचे घर. मध्ये कमरेएवढी भिंत, आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. धाकटीने मिक्सरच्या भांड्याचे झाकण नेले आणि तडा गेलेले परत दिले, तेव्हापासून दोघींचे बोलणे बंद होते. नवरे सख्खे भाऊ. ते एकमेकांशी बोलत, पण फाटकाबाहेर जाऊन.

थोरलीने चार रोपवाटिका पालथ्या घातल्या. सगळीकडे गुडघ्याएवढी रोपे. चौथ्या ठिकाणी माळीकाका होते.

"मला हे पोर नको," ती म्हणाली. "उद्या सकाळी खिडकी उघडली की पलीकडचं तोंड दिसता कामा नये, एवढं मोठं झाड द्या."

"वहिनी, झाड म्हणजे काय कपाट आहे? आणलं आणि भिंतीला लावलं," माळीकाका म्हणाले. "लहान लावा. सात-आठ वर्षांत होईल आडोसा."

"सात-आठ वर्षं ते तोंड बघू मी?"

माळीकाकांना बाईंचे घर ठाऊक होते. शेवटी त्यांनीच माझे नाव सुचवले. तो एक गुन्हा सोडला तर माणूस बरा आहे.

मला खणून काढले त्या दिवशी बाई काठी टेकत बाहेर आल्या. माझ्या मुळांचा गड्डा गोणपाटात बांधला होता. बाईंनी माझ्या एका फांदीला लाल लोकरीचा धागा बांधला आणि थोरलीला वर्गात सांगावे तसे सांगितले, "ही बाजू उन्हाकडची. तिथेही उन्हाकडेच ठेवा. हिला फिरवलेलं चालत नाही." थोरलीने मान डोलावली. तिचे लक्ष माझ्या उंचीकडे होते.

माळीकाकांनी मला भिंतीलगत नीट लावले, धागा उन्हाकडे. आता ऊन कुठे होते? थोरलीचे घर दुमजली, तिच्या अंगणात सावली. ऊन सगळे धाकटीच्या बाजूला. ही गोष्ट माळीकाकांच्या लक्षात आली होती, पण भांडणाऱ्या घरात शहाणा माणूस कामापुरते बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने खिडकी उघडली, मला पाहिले आणि धाडकन लावून घेतली. आठवड्याभरात तिने आपल्या बाजूने भिंतीला चुना फासला आणि बादलीत उरलेले चुन्याचे पाणी भिंतीवरून थेट माझ्या मुळांत ओतले. आम्हाला आंबट माती लागते, चुना म्हणजे विष. माझी पाने पिवळी पडली. मी तिचे काय घोडे मारले होते? माळीकाकांनी वरची माती काढून नवी भरली म्हणून मी वाचले.

दुसऱ्या वर्षी मी सावरले आणि भरभरून कळ्या धरल्या. साहजिकच उन्हाच्या बाजूला. थोरलीकडे माझी काळपट पाठ, आणि धाकटीकडे सगळे वैभव. धाकटीचा सूर एका रात्रीत बदलला. ती रोज खुर्ची टाकून माझ्यासमोर चहा पिऊ लागली, आणि फोनवर मैत्रिणीला भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने सांगू लागली, "अगं, फुकटात बाग मिळाली. पाणी घालणारी बाईसुद्धा मिळाली."

थोरलीच्या हातातला पाण्याचा पाइप तिथेच गळून पडला. तिने तडक माळीकाकांना बोलावले.

"हिला उलटी फिरवा. फुलं माझ्याकडे आली पाहिजेत."

"वहिनी, हिनं कळ्या धरल्यात. आत्ता मुळं हलवलीत तर एकही कळी ठेवणार नाही. झाडही जाईल."

"गेलं तर गेलं. तिला तर बघायला मिळणार नाही ना?"

मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. मला पाणी घालणाऱ्या बाईचे ते वाक्य आहे.

माळीकाका निघून गेले. पण गल्लीत नळाच्या पाइपासाठी चर खणणारे दोन मजूर होते. थोरलीने पैसे दिले, तसे त्यांनी दुपारच्या सुट्टीत मला उपटले, उलटे फिरवले आणि खड्डा बुजवला. मुळे तुटताना कसे वाटते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. लाल धागा थोरलीच्या सावलीत आला. संध्याकाळी तिने खिडकीतून कळ्यांकडे पाहिले आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.

चौथ्या दिवसापासून कळ्या गळू लागल्या. मिटलेल्या, टणक, एक एक करून. मग पाने गेली. थोरलीने पाणी घातले, खत घातले, पुन्हा पाणी घातले. मला तिची कीव आली नाही. महिन्याभरात माझ्या नुसत्या काटक्या राहिल्या, आणि त्या काटक्यांतून दोन्ही खिडक्या पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागल्या. सकाळी दोघी भाजी चिरायला उभ्या राहिल्या की थोरलीला धाकटी दिसे, धाकटीला थोरली, आणि मध्ये मी.

तीन आठवड्यांपूर्वी माळीकाका आले. त्यांनी नखाने माझी साल खरवडली. "आत हिरवं आहे. हातभर ठेवून छाटतो. जगेल कदाचित."

"खुंट घेऊन काय करू? मला आडोसा हवा होता. काढून टाका," थोरली म्हणाली.

"माळीकाका, त्यांना सांगा, टाकायचं असेल तर मला द्या," भिंतीपलीकडून आवाज आला.

"माळीकाका, त्यांना सांगा, जाळीन पण देणार नाही."

मध्ये उभे राहून माळीकाकांनी करवत काढली, मला छाटले, लाल धागा सोडवून खिशात घातला. बाईंनी विचारले तर त्या बापड्याला काय सांगावे लागेल, या विचाराने मात्र मला वाईट वाटले.

तेव्हा मित्रांनो, मोठे झाड हवे असेल तर लहान रोप लावा आणि वाट पाहा. तेवढा धीर नसेल तर विटा आणा. विटांना ऊन लागत नाही आणि कळ्याही येत नाहीत. पण जिवंत झाडाला आपल्या भांडणात उभे करू नका.

आज पहाटे माझ्या बुंध्याला एक कोंब फुटला आहे. दोघींनी अजून पाहिलेला नाही. तो भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे, हे मी तुम्हालाही सांगणार नाही.