तळखड्यावरचा घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे, लाकडाचा. पाय तीनच उरले आहेत, रंग माशांनी खाल्ला आहे, आणि मी मुळशीच्या धरणाच्या पाण्यात उभा आहे. तुम्ही सहलीला काठावर येता, डबे उघडता, पाण्यात खडे मारता, तेव्हा मी खालीच असतो. तुमचे खडे मला लागत नाहीत, पण ऐकू येतात. घाबरू नका, मी कुणाला ओढून नेत नाही. मला एक निरोप द्यायचा आहे. पण आधी माझी हकीकत ऐकावी लागेल, नाहीतर निरोप कळायचा नाही.

घोडा होण्याआधी मी खांब होतो. मुळा नदीच्या काठच्या एका गावात, एका शेतकऱ्याच्या घराचा मधला खांब. खांबाखाली जो चौकोनी दगड बसवतात त्याला तळखडा म्हणतात. माझा तळखडा काळ्या दगडाचा होता. त्याच्यावर मी किती वर्षे उभा होतो ते मोजले नाही. घरची बाई, रंभाबाई, माझ्या अंगावरच्या खिळ्याला चिमणी अडकवून ठेवी. तिची ज्योत लागून लागून माझ्यावर विड्याच्या पानाएवढा काळा डाग पडला. तिचा मुलगा कोंडिबा त्या डागाच्या खाली एका हाताने मला धरी आणि गरगर फिरे. डोळे मिटून फिरे, मग धपकन बसे आणि घर आपल्याभोवती फिरते आहे म्हणून हसत सुटे. मित्रांनो, पुढे मी मोठमोठ्या जत्रा पाहिल्या, पण फिरण्याचा एवढा आनंद कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. आणि त्याला तिकीट नव्हते.

कोंडिबा ऐन पंचविशीत असताना धरण झाले. गाव उठले. लोकांनी घरे उतरवली, लाकूड विकले आणि वर डोंगराच्या कुशीत नवी वाडी केली. तळखडे मात्र कुणी नेले नाहीत. दगडच ते, कोण उचलणार? मला पौडच्या कुशाबा सुताराने घेतले. त्याच्या अंगणात मी बरीच वर्षे पडून होतो. मग नथू नावाच्या माणसाने त्याच्याकडून सहा घोड्यांची चक्री करून घेतली, हाताने ढकलायची. त्या सहांतला एक मी. कुशाबाने माझ्या मानेवर लाल रंगाचे दोन हात दिले, तरी डाग आतून दिसतच राहिला. बाकीचे घोडे मला डागाळ म्हणत असतील, पण मुले आधी माझ्याकडेच धावत. माझी आयाळ चांगली उतरली होती, हे मी नम्रपणे सांगतो.

नथू छातीने दांडा रेटी आणि एका हाताने घंटा वाजवी. आम्ही मुठा खोऱ्यात जायचो, पौडच्या बाजारात जायचो. आणि उन्हाळ्यात, धरणाचे पाणी ओसरले की, वाघजाईच्या जत्रेला खाली उतरायचो. ही जत्रा मोठी विलक्षण. वाघजाईचे देऊळ जुन्या गावाच्या उंचवट्यावर होते. वर्षभर ते पाण्यात असे आणि उन्हाळ्यात काही दिवस बाहेर येई. तेवढ्या दिवसांत लोक वाळलेल्या गाळावरून चालत जाऊन देवीला नारळ देत. जिथे एकेकाळी गावाचा रस्ता होता तिथे आमची चक्री लागे.

पहिल्याच वर्षी एक माणूस माझ्याजवळ येऊन थांबला. माशी हाकलावी तसा त्याने माझ्या मानेवर हात ठेवला, आणि तो काढला नाही. मी हात ओळखला. कोंडिबाने डाग ओळखला. तो कुणाला काही बोलला नाही. दरवर्षी येई, हात ठेवी आणि जाई. पुढे त्याला नात झाली, सखू. ती चार वर्षांची झाल्यापासून तो तिला माझ्याच पाठीवर बसवू लागला. दुसऱ्या घोड्यावर नाही.

मग १९५६ चा उन्हाळा आला. त्या साली पुण्यात मोठे प्रदर्शन भरले होते. वाडीतले हैबतराव ते पाहून आले आणि त्यांनी पारावर बसून सांगायला सुरुवात केली. विजेवर धावणारी घोडी. हजार दिवे. नाचणारी बाहुली. माणूस लठ्ठ दिसतो असा आरसा. संध्याकाळपर्यंत दिवे दहा हजार झाले आणि घोडी उडायला लागली. त्या जत्रेत आमची चक्री रिकामीच फिरली. पोरे यायची, माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "ह्यो इजेवर चालतोय का?" नथूने दुसऱ्या दिवशी घंटा खाली ठेवली.

कोंडिबाचा मुलगा बहिरू याने सखूला शब्द दिला होता. रविवारी पुण्याला जायचे आणि मंगळवारी परत यायचे. निघण्याच्या आदल्या दिवशी बापलेक माझ्याशेजारीच उभे होते, म्हणून त्यांचे बोलणे मी ऐकले.

"पानी लई खाली गेलंय ह्या साली," कोंडिबा म्हणाला. "न्हाई गेलास तर चालंल की. हितंबी घोडं हायती."

"आबा, हितं काय हाय? चिखोल."

"पोरीला जरा खाली न्हेऊन दावलं आस्तं."

"काय दावायचंय चिखलात?"

कोंडिबाने नुसता काठीने गाळ उकरला. मित्रांनो, मला त्याचा अजून राग येतो. त्या साली पाणी इतके खाली गेले होते की गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या घराचे जोते उघडे पडले होते. ते पुन्हा कधी दिसेल, त्याच्या हयातीत दिसेल की नाही, कुणाला ठाऊक? "माझं घर वर आलंय" एवढे चार शब्द बोलला असता तर बहिरूने प्रदर्शन खुंटीला टांगून ठेवले असते. पण आपले घर हौसेने दाखवायचे, हे त्याच्या तोंडून निघेना. ज्याला आपल्या पायाने यावेसे वाटेल त्याने यावे, अशी त्याची रीत.

बहिरू आणि सखू गेली. कोंडिबा नथूकडे आला.

"ह्यो घोडा मला दे. पोर यीस्तवर."

"यीस्तवर कशापायी, घिऊनच जा," नथू म्हणाला. "इजेची घोडी आल्याती. हाताच्यावर कोन बसतंय आता?"

दोघांनी मला बांबूला अडकवून खाली नेले. वाटेत माझा मागचा एक पाय मोडला. गाळ उकरून कोंडिबाने माझा तळखडा शोधला. दगडात माझ्याच बुडाची खाच होती. तिच्यात त्याने माझ्या पोटाखालची चक्रीची लोखंडी दांडी रोवली, भोवती दगड रचले, दावे बांधले. तीस वर्षांनी मी घरी उभा राहिलो. वर छप्पर नव्हते, भिंत नव्हती, तरी मला सगळे जिथल्या तिथे जाणवले. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. येत असते तर रडलो असतो.

मग तो सराव करू लागला. काठी टेकत माझ्याभोवती फिरे आणि कुणीतरी माझ्या पाठीवर बसले आहे असे समजून बोले. "घोडा फिरनार न्हाई, सखे. आपूनच भवती फिरायचं. ह्यो उंबरा. हितं चूल. त्यो तकडं गोठा. हितं जातं, माजी आय हितं दळायची." आणि एका जागी थांबून, काठीने गाळ हलकेच ठोकून, खालच्या आवाजात म्हणे, "आन हितं माजी नाळ पुरलीया." मग माझ्या रिकाम्या पाठीकडे बघून, ऐकणाऱ्याला नीट कळले ना, अशी मान हलवी. असे दिवसातून दहादा. मला सगळे पाठ झाले.

मंगळवार आला. तो फडक्यात दोन भाकरी घेऊन आला, दोघांच्या. पोर आली नाही. ताम्हिणीच्या अंगाला वळीव कोसळू लागला होता. बुधवारी पाणी गोठ्याच्या जागेला लागले. गुरुवारी चूल गेली. तो फिरताना गोठा आणि चूल गाळू लागला. शुक्रवारी दुपारपर्यंत तो घोटाभर पाण्यात माझ्या मानेवर हात ठेवून उभा होता. तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली, "आली रं तुजी मानसं!" तो धावत गेला. म्हातारा माणूस, गाळात पाय रुतत होते, पण धावत गेला. "आलोच," असे तो मला म्हणाला.

त्या दिवशी तो आला नाही. शनिवारी उजाडले तेव्हा पाणी माझ्या गळ्याशी होते. काठावर तिघे उभे होते. दोन मोठे आणि एक लहान. कोंडिबा हात लांब करून दाखवत होता.

"त्ये बग सखे. घोड्याची मान दिसतीया न्हवं? त्ये आपलं घर."

बहिरूने अंगरखा काढला. "मी पवत जाऊन आनतो आबा त्याला."

"ऱ्हाऊ दे," कोंडिबा म्हणाला. "घरचा हाय त्यो."

दुपारी पाणी माझ्या डोळ्यांवरून गेले.

पाण्याखालचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. हिरवट उजेड, गाळ, मासे. पण घर मोडलेले आहे हे घराला अजून माहीत नाही, हे मला तिथे कळले. जात्याच्या जागेवरून घरघर येते. चिमणी तर माझ्या अंगावर कधीचीच नाही, तरी डाग मधूनच ऊबदार होतो. आणि त्याच साली, पाणी फार गार झाले होते तेव्हा, कुणीतरी माझ्या मानेवर हात ठेवला. माशी हाकलावी तसा. मग त्याच हाताने मला धरून कुणीतरी माझ्याभोवती गरगर फिरले, लहान मुलाच्या पावलांनी. मला वळून बघता येत नाही. पाणी स्थिर होईपर्यंत मी ऐकत राहिलो.

अकरा उन्हाळे मी बाहेर आलो नाही. बाराव्या उन्हाळ्यात, १९६८ साली, पुन्हा पाणी तितके खाली गेले. एका सकाळी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन गाळातून माझ्याकडे आली. तिने मुलीला माझ्या पाठीवर बसवले, आणि बसण्याच्या ओझ्यावरून मी आईलाच ओळखले. चार वर्षांची सखू इतकीच जड होती.

मुलीला धरून ती माझ्याशी बोलू लागली. एकटी माणसे बोलतात तशी. त्या साली बहिरू आणि ती पुण्यात पोहोचली त्या दिवशी घोड्यांची वीज बंद होती. दुसऱ्या दिवशी रांग इतकी लांब होती की दिवस मावळला. बहिरू म्हणाला, घोड्यावर बसल्याशिवाय वाडीत तोंड कसे दाखवायचे? पुण्यात एवढे जाऊन काय पाहिले म्हणून विचारतील. म्हणून मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी एकदाची पाळी आली. "घोडा ग्वाड हुता," सखू म्हणाली. "खोटं कशाला सांगू, दिवं लई आवडलं मला. पर त्यो यवढ्या जोरात फिरला का मला बा कुटं दिसंनाच. मी त्याला हुडकीतच बसले, आन तवर उतरा म्हनाले."

मुलगी माझी आयाळ ओढत होती.

"शुक्करवारी घरी आलो. अंगनात सारी वाडी गोळा झाली. बा सांगतोय, मी सांगतीया. बानं घोडी उडवली, मीबी उडवली. आज्या दोनदा आला. म्हनला, सखे, चल खाली. मी म्हनलं, थांब की आज्या, आरशाचं सांगायचं ऱ्हायलंय." तिने पदर डोळ्यांना लावला. "त्यो भाकरी घिऊन भायेर बसला. मग अंधार झाला."

आज्या त्याच थंडीत गेला, असे तिने सांगितले. पाणी फार गार होते तेव्हाच. मला कळले.

मग सखू मुलीला माझ्यावर धरून, हात पुरेल तितकी, माझ्याभोवती हळूहळू फिरू लागली. गोठ्याच्या जागेवर थांबून म्हणाली, "हितं चूल आसंल का गं?" आणि दोन पावले पुढे जाऊन, खाली बघत, "आज्या मला काय दावनार हुता रं घोड्या?"

मित्रांनो, मला सगळे पाठ होते. आणि मी लाकूड आहे.

थोड्या दिवसांनी पाणी परत आले. सखू डोंगरावरच्या वाडीतच असते, मुलीला ती चिमे म्हणून हाक मारते. तुम्ही काठावर आलात की ती तुम्हाला भेटेल, सरपणाला याच बाजूला येते. मोठाल्या जत्रा जरूर पाहा, दिवे खरेच छान असतात. फक्त घरच्या म्हाताऱ्याने दोनदा हाक मारली तर तिसरीची वाट बघू नका. आणि सखूला माझा एवढा निरोप द्या. म्हणावे, घोड्याच्या तोंडासमोर उंबरा. उजव्या कानाकडे चूल. शेपटीमागे गोठा. डावीकडे जातं. आणि जात्याच्या एक पाऊल अलीकडे आज्याची नाळ पुरलेली आहे. तू घोड्याला विचारलेस तेव्हा त्याच जागेवर उभी होतीस.