बिनहाडाचा रस्सा

द्वारकाबाईंनी पळी तळाशी नेऊन खरवडली आणि ती काळी होऊन वर आली. त्यांनी चटकन गॅस बंद केला, पातेल्यावर वाकून वास घेतला. वरच्या रश्शाला करपट वास अजून लागला नव्हता; पण याच भांड्यात राहिला तर लागणारच. स्टीलचं नवं पातेलं दिसायला आरशासारखं आणि बुडाला कागद.

"उमाऽ" ही हाक ओठांपर्यंत येऊन थांबली. सून बाहेरच्या खोलीत वडिलांपाशी बसली होती. लग्नाला चार वर्षं झाली, केशवराव आज पहिल्यांदा लेकीच्या घरचा जिना चढले होते. एवढे दिवस ते फोनवर लेकीची चौकशी करत आणि जावयाची करायला नेमकं विसरत. आज आले ते स्वतःहून, वर फर्माईश करून, "तुमच्याकडचंच काहीतरी करा. फक्त ते नको." 'ते' म्हणजे मटण. नाव घेतलं तरी जीभ विटाळेल, अशा थाटात.

पाचोडकडच्या गोतावळ्यात द्वारकाबाईंचा पावट्याचा रस्सा गाजलेला. पण गाजला तो नळीच्या हाडांच्या जिवावर. हाडं नाहीत तर दाटपणा आणायचा कुठून, यावर त्या आठवडाभर झुरल्या. शेवटी सुकं खोबरं काळपट होईतो भाजलं, कांदे सालीसकट जाळावर धरले, तीळ वाटले, मूठभर शिजलेले पावटेच चेचून परत रश्शात सोडले. सकाळी उमानं तळहातावर थेंब घेऊन चाखला.

"आई, यात खरंच काही नाही ना?"

एवढी मोठी पावती द्वारकाबाईंना कधी नवऱ्यानंही दिली नव्हती.

आता रस्सा ओतायला भांडं हवं होतं. भांडी होती, पण सगळी भरलेली. दुष्काळात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरवाला फोन उचलत नाही. घरातलं प्रत्येक पातेलं, कळशी, कुकरसुद्धा पाण्यानं काठोकाठ. एक रिकामं करायचं म्हणजे पाणी मोरीत ओतायचं. द्वारकाबाईंनी एक पातेलं उचललं, मोरीपर्यंत नेलं, आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

रिकामं होतं ते गॅलरीतलं, जाड बुडाचं जर्मनचं. लेकाच्या, सत्यमच्या, रविवारच्या मटणाचं. उमा मटणाला शिवत नसे; लग्नाच्या वेळीच तह झाला होता: मटण गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, ते भांडं स्वयंपाकघरात यायचं नाही. चार वर्षं त्यांनी तो पाळला होता. त्यांनी लिंबाची फोड घेतली, ओंजळभर पाण्यात पातेलं दोनदा घासलं, आणि रस्सा त्यात ओतला.

पानावर केशवरावांनी आधी चमचा बुडवला.

"भाकर चुरा त्यात, भाऊसायेब. औषध हाय का ते?" द्वारकाबाई म्हणाल्या.

सत्यम हसला. केशवरावांनीही हसत बाह्या सारल्या आणि भाकरी चुरली. उमा वाढत होती. रस्सा मात्र द्वारकाबाई स्वतःच आतून वाटीवाटीनं आणत होत्या.

"विहीणबाई, अजून थोडा. घरी सांगू नका हं, मी दोनदा घेतला."

द्वारकाबाई दारात उभ्या राहून त्यांचा प्रत्येक घास बघत होत्या. घासलंय की, धातूच तो, असं त्या मनाशी म्हणत होत्या. मनाला पटत नव्हतं.

हात धुऊन केशवरावांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"हिनं दिलाय. म्हणाली, आणलात तर चाखेन."

उमाची आई दुसऱ्याच्या चुलीवरचं पाणीही घेत नसे, आणि लग्नानंतर लेकीशी एक शब्द बोलली नव्हती.

"आई म्हणाली? स्वतःहून?"

द्वारकाबाई डबा घेऊन आत गेल्या. पातेलं अर्धं भरलेलं होतं. त्यांनी पळी बुडवली, डब्यावर धरली. केशवरावांनी न कळता खाल्लं, ते झालं. पण जिनं आयुष्यभर एवढं एकच सांभाळलं, तिच्या डब्यात समजून-उमजून हे घालायचं? पळी परत पातेल्यात गेली.

त्या बाहेर आल्या. "संपलं बघा, भाऊसायेब."

"संपलं?" सत्यम म्हणाला. "माय, तुझ्या हातचं कधी संपलंय का?"

"असू द्या," केशवराव हसले. "माणसं मोजून केलं असेल."

मोजून! पंगतीला गाव जेवू घालणाऱ्या बाईला. द्वारकाबाईंनी ते खाली बघून गिळलं.

"मी बघते," म्हणत उमा आत गेलीसुद्धा. झाकण वाजलं. नंतर काहीच वाजलं नाही. मग डब्यात कोरडे दाणे पडल्याचा आवाज आला.

"खरंच संपलं, बाबा," उमा डबा पुढं करत म्हणाली. आवाज सरळ होता. "कोरडे पावटे दिलेत. तिच्याच भांड्यात शिजव म्हणावं. कृती मी फोनवर सांगेन. उचलेल ना ती?"

केशवराव डब्याचं झाकण उगीच दाबत राहिले. "विचारतो," म्हणाले.

सत्यम त्यांना पोचवायला खाली गेला. उमा ताट घेऊन स्वयंपाकघरात आली.

"एका पातेल्यातलं पाणी ओतून द्यायचं होतं, आई."

"हात वळला नाय, बाई."

उमा गॅलरीतल्या त्या पातेल्यापाशीच खाली बसली.

"वाढा."

"तू नको गं. तुला लोणचं देते."

"बाबांनी दोनदा घेतलं ना?"

द्वारकाबाईंनी वाढलं. उमानं भाकरी चुरली. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडातच धरून ठेवला.