धोतऱ्याचं बी

"थुका! आधी ते थुका!" वच्छलाबाईने नवऱ्याचा जबडाच धरला होता. हिलालने तोंड उघडून दाखवलं. आत काही उरलं नव्हतं. पायाशी धोतऱ्याचं काटेरी बोंड फुटून पडलं होतं.

"लोटननी सांगं," तो म्हणाला, "पानेस्ना धूर लिसन दमा नुसता हलका व्हस. बिया खाद्यात ते पार निंघी जास."

"लोटनले दमा शे का? तो खास का बिया?"

हिलालने फुटकं बोंड पायाने मागे सारलं. मोठ्या लढाईपासून तो धरणगावला एका जिनात कामाला होता. कापसाच्या धुळीने छाती भरली, तेव्हापासून लोटनसारखा गावातला जो तो त्याला पाला सांगे आणि हा खाई. रुईच्या चिकाने जीभ सोलपटली, बिब्ब्याने छातीवर फोड उठले. निस्तरायला वच्छलाबाई होतीच.

"बकरी बी आधी सुंगस, मंग खास," ती कडाडली. "तुमले तेवढं बी समजत नही!"

भाईदास शेजारीच राहायचा. गाडी जुंपायला सांगून ती परतली, तोवर हिलालचं तोंड तांबडंलाल झालं होतं, ओठ सुकले होते, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरल्या होत्या. परक्या बाईकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत होता.

गाडी एरंडोलच्या दवाखान्याकडे निघाली. उन्हाळ्याचं रान उघडंबोडकं, आणि हिलाल कापूस वेचावा तसं हवेतून चिमटीने काहीतरी खुडून कमरेच्या नसलेल्या झोळीत टाकू लागला.

"बाई, पदर धर. झोयी भरनी."

"गप पडा! कसाना कापूस?"

"धरा वहिनी," भाईदास पुढून म्हणाला. "नहीते उडी मारतीन."

तिने चरफडत पदर पसरला. हिलाल मूठमूठ टाकत राहिला.

"कोन गावनी शे तू?"

"तुमनाच," ती दातओठ खात म्हणाली.

"मंग मना घर सांगू नको मी बिया खाद्यात." त्याने आवाज खाली आणला. "ती रागे भरी. भरू दे. मी रातभर खोकलस, ती उठीउठीसन पाठ दाबस. कितला वरीस व्हयनात, धड नीज नही तिले. दमा गया ते निजी बिचारी."

वच्छलाबाईच्या तोंडात आलेली शिवी तोंडातच राहिली.

"टाका," ती पदर आणखी पसरत म्हणाली. "आखो टाका. पदरमा जागा शे."

दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं. डॉक्टर तिच्यावरच खेकसले, "काय वाटेल ते खाता तुम्ही लोक!"

हिलाल वाचला. ओळख परतली, तेव्हा त्याने विचारलं, "मी काय बोलनू?"

"काय बोलशात? बरळत व्हतात."

"तुले शिव्या दिन्यात का?"

"हां. भलत्याच."

तो ओशाळला. दमा होता तिथेच होता.

भाईदास न्यायला आला तो भरदुपारी. गाडीत कडबा अंथरला होता. वच्छलाबाईने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: नवऱ्याला बसवून स्वतः आडवी झाली, तोंडावर पदर ओढला आणि गाव मागे पडायच्या आत घोरू लागली.

हिलालच्या छातीत खोकला दाटून आला. त्याने उपरण्याचा बोळा करून तोंडावर दाबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पाठ हिसके देत होती, पण आवाज बाहेर आला नाही. भाईदासने मागे वळून पाहिलं, तर त्याने हातानेच खुणावलं, बैल हळू चालव.