धुण्याचे चार तास

डाव्या ताटलीत अँटिऑक्सिडंट नव्हतं, आणि पेशी जिवंत होत्या. उजवीत होतं; तिथल्या पेशी मेल्या होत्या.

तिने सूक्ष्मदर्शकाचं भिंग बदलून पाहिलं. तेच. डावीकडे धमनीच्या अस्तराच्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून, उजवीकडे नुसता तरंगता भुगा... दोन्हींत कोलेस्टेरॉलचे कण तेवढेच, त्यांना खवट करणारं तांबंही तेवढंच. दोन आठवड्यांपूर्वी नेमकं उलट दिसलं होतं, आणि तिने — पडताळणीआधी तोंड उघडू नये असं इतरांना बजावणारीने — त्याच संध्याकाळी बाबांना सांगून टाकलं होतं.

काचसामान धुणाऱ्या मावशी ट्रे घेऊन आत आल्या. “काय गं, मेल्या का तुझ्या?”

“ज्या मरायला हव्या होत्या, त्या जगल्यात.”

“जगल्या म्हणून सुतकी चेहरा करणारी माणसं इथंच बघितली बाई.”

एरवी ती हसली असती. परवाचा बाबांचा आवाज कानात होता — “डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळी सोडली बघ. पायात गोळे यायचे तिने. तुझ्या त्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलच घेतो आता. तू काय बापाला उगाच सांगशील?” आणि तिने त्यांना अडवलं नव्हतं, उलट सुखावली होती. पुरावा न मागता कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवतो, याचं ते सुख... तिला न शोभणारं.

तिने फ्रिज उघडला. कणांच्या दोन कुप्या. काल एका ताटलीला एक, दुसरीला दुसरी, हाताला आली तशी उचलली होती, दोन्ही सारख्याच म्हणून. म्हणजे मागच्या वेळी अँटिऑक्सिडंटच्या ताटलीत गेलेली पहिली कुपी या वेळी दुसऱ्या ताटलीत गेली होती. सारख्या? कण साठवताना त्यांत घातलेलं संरक्षक द्रव्य तांब्याला धरून ठेवतं, त्यांना खवट होऊ देत नाही; वापरण्याआधी कण झिरपत्या पिशवीत भरून ते अठरा तास धुऊन काढायचं असतं. पहिल्या कुपीवर तिच्याच अक्षरात तारीख होती — आईचा फोन आला तो दिवस. “बाबांच्या छातीत भरून आलंय, येतेस का?” अर्धवट धुतलेली पिशवी कुपीत रिकामी करून ती धावत सुटली होती. ती गोळी डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून दिली होती.

वहीशेजारी फोन पालथा पडला होता. बाबांशी बोलताना आपण शब्द मऊ करू, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने आधी लिहिलं :

‘पहिली कुपी अठराऐवजी चार तास धुतली. संरक्षक द्रव्य आत राहिले. दोन्ही वेळा पेशी त्याने वाचल्या, अँटिऑक्सिडंटने नव्हे. धुणारी : मी.’