एकमताने लोणचं

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत लोणच्याची स्पर्धा झाली. परदेशात ज्युरीची बंद खोलीतली चर्चा कायद्याने गुप्त असते, असं सेक्रेटरी मयुरेशने कुठेतरी वाचलं होतं. त्याने तिन्ही परीक्षकांकडून लिहूनच घेतलं: कोणी कोणाला मत दिलं, हे घरीदारी कुठेही बोलायचं नाही.

परीक्षकांत ढुंढिराजपंत होते आणि स्पर्धकांत त्यांच्या पत्नी उत्तराताई. पंतांनी मत दिलं समोरच्या फ्लॅटमधल्या मृण्मयीला. आता त्यांचं दोन्ही वेळचं जेवण त्या कागदाच्या भरवशावर होतं.

“खरं सांगा, मलाच दिलंत ना?” उत्तराताईंनी निकालाआधीच गाठलं.

“अगं, सही केलीय मी. तोंड कायद्याने बंद आहे,” पंत रुबाबात म्हणाले.

तेवढ्यात मयुरेशने माईक घेतला. “चर्चा गुप्त आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. पहिल्या आल्या मृण्मयीवहिनी, आणि त्याही एकमताने!”

टाळ्या वाजल्या. उत्तराताईंनीही वाजवल्या, पंतांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी पंतांनी स्वयंपाकघरात डोकावलं. “आज काय केलंयस गं?”

“ते गुप्त आहे.”

ताटात फक्त लोणचं आलं. तेही मृण्मयीकडून मागून आणलेलं.